मसाल्याचं एकदा घेतलेलं गिऱ्हाईक परत यावं म्हणून ई-मेल पत्र : कुणी चालवतंय का?

वडगावची_कांडपवाली

नमस्कार मंडळी. बेळगावात वडगावला आमचं घरगुती मसाल्याचं काम आहे. कांदा-लसूण चटणी, काळा मसाला, मेतकूट, थालीपीठ भाजणी. गल्लीतलं गिऱ्हाईक सासूबाईंच्या वेळचं, ते फोन करतं नाहीतर दारात येऊन उभं राहतं. त्यांची काळजी नाही.

प्रश्न बाहेरच्यांचा आहे. पुणे, ठाणे, बेंगळूरू, थोडे दुबई-अमेरिकेतले. वेबसाइटवरून मागवतात, त्यामुळं सातशेच्या वर ई-मेल पत्ते जमलेत. एकदा घेतात, "अगदी आजीच्या हातची चव" म्हणून कळवतात आणि मग गप्प होतात. मसाला आवडला नाही असं नाही, आठवणच राहत नाही. अशा लोकांना महिन्यातून एक पत्र पाठवलं तर परत येतील का? काय लिहायचं, किती वेळा आणि कुठल्या भाषेत? खरोखर करून बघितलेल्यांनी सांगा, उपकार होतील.

खडेबाजार_कापडवाले

ई-मेल कोण बघतंय वो ताई? ओटीपी, बँकेचं स्टेटमेंट आणि लॉटरी लागली म्हणून येतंय तेवढंच. व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, दोन मिनिटांत बघत्यात. आमच्या दुकानातनं नवा माल आला की फोटो टाकतो, संध्याकाळपर्यंत चार बायका हजर.

चोर्ला_घाट_घरवास

कापडवाले दादा, तुमचं गिऱ्हाईक संध्याकाळी दुकानात येऊ शकतं, हाच फरक आहे.

आमची जांबोटीच्या पुढं जंगलालगत राहायची सोय आहे, चार खोल्या. येणारे पुण्याचे, हुबळीचे, गोव्याचे. आधी व्हॉट्सअ‍ॅपच वापरत होतो. तिथं ब्रॉडकास्ट यादीत २५६ च नंबर बसतात, आणि ज्यानं तुमचा नंबर फोनमध्ये साठवलाय त्यालाच निरोप पोचतो. एकदा राहून गेलेला माणूस आपला नंबर कशाला साठवेल? निम्म्यांना पोचतच नव्हतं आणि आम्हाला वाटायचं, लोक उत्तर देत नाहीत.

मग पत्र सुरू केलं. वर्षातून पाचच. पावसाळ्याच्या तोंडाला एक, धबधबे भरले की एक, काजवे-करवंदांच्या दिवसांत एक, असं. त्यात खोलीचा भाव शेवटच्या ओळीत. वर काय, तर या आठवड्यात घाटात पाऊस किती आहे, रस्ता कसा आहे, खानापूरकडनं यायचं की नाही, मुलांना घेऊन येणाऱ्यांनी जळवांसाठी काय करायचं. लोक ते पत्र जपून ठेवतात आणि सहा महिन्यांनी त्याच पत्राला उत्तर देऊन खोली मागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप सहा महिन्यांनी कोण शोधणार?

मूळ_टिळकवाडी_सध्या_बेंगळूरू

वहिनी, मजकुराचं बाकीचे सांगतील, मी प्लंबिंगचं, म्हणजे पत्र पोचवायच्या तांत्रिक बाजूचं सांगतो, कारण बहुतेकांचं तिथंच अडतं.

साध्या जीमेलवरून सातशे जणांना पाठवू नका. साध्या खात्याला दिवसाला ५०० जणांची मर्यादा आहे, आणि सगळे पत्ते एकत्र टाकताना चुकून 'टू'मध्ये पडले तर प्रत्येकाचा पत्ता सगळ्यांना दिसतो. पत्रं पाठवायची सेवा वापरा. चेन्नईच्या झोहोची आहे, ब्रेव्होच्या फुकट योजनेत दिवसाला ३०० जातात. सुरुवातीला एवढं पुरतं, सातशेची यादी तीन दिवसांत विभागून पाठवायची.

पाठवणारा पत्ता तुमच्या वेबसाइटच्या डोमेनचा हवा. त्या डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी करून घ्या. ज्यानं वेबसाइट केली त्याला ही तीन नावं सांगितली की त्याला कळतं, तासाभराचं काम. या नोंदी म्हणजे पत्र खरंच तुमच्याकडूनच निघालंय याचा दाखला. गूगल आणि याहूनं फेब्रुवारी २०२४ पासून हे कडक केलंय. दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचे, शिवाय एका टिचकीत नाव काढून घ्यायची सोय सक्तीची. तुम्ही त्या आकड्याच्या जवळपासही नाही, तरी आत्ताच करा.

आणि 'स्पॅम' म्हणून तक्रार करणाऱ्यांचं प्रमाण ०.३ टक्क्याला टेकता कामा नये, गूगल तर ०.१ च्या खालीच ठेवा म्हणतं. सातशेत ०.३ टक्के म्हणजे दोन माणसं! म्हणून नाव काढायचं बटण लपवू नका, ठळक ठेवा. ज्याला नकोय त्याला सुखानं जाऊ द्या, नाहीतर तो जाताना स्पॅमवर बोट ठेवून जातो.

खडेबाजार_कापडवाले

दोन माणसांत खेळ खलास? आमच्या गल्लीत तर दोन माणसं उगाच भांडायलाच बसल्यात.

मूळ_टिळकवाडी_सध्या_बेंगळूरू

दादा, एका पत्रानं नाही हो, सारखं होत राहिलं तर. पण छोट्या यादीला एकेक तक्रार महाग पडते हे खरं.

निपाणी_चामडं_आणि_टाके

मी कोल्हापुरी चपला करून विकतो. २०१९ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे, त्यात आपला बेळगाव जिल्हा आला. त्यामुळं निपाणी-अथणीची चप्पल 'खरी कोल्हापुरी' का, हा प्रश्न गिऱ्हाईक अजून विचारतं, आणि त्याचं उत्तर मी पहिल्याच पत्रात देऊन टाकतो.

ताई, माझा अनुभव असा की महिन्याचं पत्र हा विचारच सोडा. कॅलेंडर बघून पाठवू नका, गिऱ्हाइकानं कधी घेतलं ते बघून पाठवा. चप्पल पोचली की चार दिवसांनी पहिलं पत्र जातं. त्यात विक्रीचा शब्द नाही. पहिले काही दिवस घरात वापरा, पट्टा चावत असेल तर तेल कुठं लावायचं, भिजली तर उन्हात टाकू नका, सावलीत वाळवा. या पत्राला सगळ्यात जास्त उत्तरं येतात. दुसरं पत्र पावसाळ्याच्या आधी, चपला कशा ठेवायच्या त्याचं. तिसरं वर्षाच्या आसपास, कारण रोज घालणाऱ्याचा तळ तेवढ्यात झिजतो. त्यात लिहितो की तुमचं माप आमच्याकडं आहे, फक्त 'हो' एवढं उत्तर पाठवा. माप परत द्यायला लागत नाही याचंच लोकांना अप्रूप.

तुमच्या मसाल्याला तर हे जास्त लागू. एक किलो चटणी चौघांच्या घरात किती दिवस जाते?

वडगावची_कांडपवाली

चार-साडेचार महिने. रोज भाकरी-पिठलं खाणारं घर असेल तर तीन. बेंगळूरूचे लोक जरा जपून वापरतात, सहा महिनेसुद्धा जातात.

निपाणी_चामडं_आणि_टाके

मग झालं की. किलो घेतलेल्याला साडेतीन महिन्यांनी पत्र. डबा तळाला लागलाय तेवढ्यात तुमचं पत्र. पाव किलो घेतलेल्याला चार आठवड्यांनी. महिन्याच्या एक तारखेला सगळ्यांना एकदम पाठवलं तर ज्याचा डबा भरलेला आहे त्याला ती कटकट होते.

हिंडलगा_निवृत्त_गुरुजी

हे पूर्वीही चालायचं. बेळगावातले काही दुकानदार दिवाळीच्या आधी बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना पोस्टकार्ड टाकायचे. "आपल्याकडील मागील खरेदी अमुक होती, यंदा माल उत्तम आला आहे." वडिलांना असं कार्ड यायचं आणि ते घरात मोठ्यानं वाचलं जायचं. पोस्टकार्ड अजूनही ५० पैशांना मिळतं. सुनबाई, ई-मेल पाठवा, पण वर्षातून एकदा जुन्या गिऱ्हाइकाला हातानं लिहिलेलं कार्ड टाका. तरुण मुलं त्याचा फोटो काढून जगभर दाखवतील.

चोर्ला_घाट_घरवास

गुरुजी, हे फार आवडलं. पार्सलमध्येच घालता येईल, तिकीटही नको.

गोकाक_फॉल्स

मसाल्याचा विषय निघालाच आहे तर विचारतो, संकेश्वरी मिरची आता खरी मिळते का हो? बाजारात लवंगी नाहीतर ब्याडगीच संकेश्वरी म्हणून माथी मारतात.

वडगावची_कांडपवाली

मिळते, पण कमी. ओळखीच्या शेतकऱ्याकडूनच घेते. संकेश्वरी लांब, बारीक आणि तिखट. ब्याडगी सुरकुतलेली, रंगाला गडद, तिखटाला कमी, तिला हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीचा जीआय आहे. चटणीला दोन्ही लागतात, एक जिभेला आणि एक डोळ्याला. नुसती ब्याडगी घातली तर लालभडक दिसते पण भाकरीबरोबर बोलत नाही.

मूळ_टिळकवाडी_सध्या_बेंगळूरू

वहिनी, आत्ता जे लिहिलंत ना, तेच तुमचं पहिलं पत्र! कॉपी करून ठेवा.

गोकाक_फॉल्स

अगदी. मी हे वाचून मागवणार आहे, आणि आमच्या गोकाकचा करदंट (डिंक-सुकामेव्याची मिठाई) तुमच्या यादीतल्यांना पाठवायला मी तयार आहे.

खडेबाजार_कापडवाले

करदंट नको, कुंदा पाठवा. बेळगावचं पार्सल आणि कुंदा नाही, हे कसं चालेल?

गोकाक_फॉल्स

कुंदा दुधाचा, लवकर संपवावा लागतो. करदंट दुबईपर्यंत टिकतो. व्यापाराला करदंटच.

चिकोडी_कर_सल्ला

कुंदा-करदंट नंतर. यादीवरून आठवलं, दोन-तीन कामाच्या गोष्टी.

एक, 'तुमच्या यादीतल्यांना मी पाठवतो' हे गोकाकवाल्यांनी प्रेमानं म्हटलंय, पण तसं करू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. ज्या कामासाठी पत्ता दिला त्याच कामासाठी वापरायचा. मसाल्याची ऑर्डर पोचवायला दिलेला पत्ता म्हणजे जाहिरातीला दिलेली परवानगी नव्हे. ऑर्डरच्या पानावर वेगळी चौकोनी खूण ठेवा, "मसाल्याबद्दल अधूनमधून पत्र आलं तर चालेल", आणि ती आधीच भरून ठेवू नका. जुन्या सातशे जणांना एक पत्र पाठवून विचारा, हो म्हणतील तेवढेच यादीत. परवानगी देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणंही सोपं हवं, असं कायदाच म्हणतो.

दुसरं, या कायद्यात एक गोष्ट आपल्या भागाला फार उपयोगी आहे. परवानगी मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायची सोय माणसाला द्यावी लागते. मराठी आणि कन्नड दोन्ही त्यात आहेत.

तिसरं, आपल्याला कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, घरासारखं. पण करासाठी ते दुसरं राज्य. राज्याबाहेर करपात्र माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागतेच. मोजक्या हस्तकला वस्तूंना सवलत आहे, मसाल्याला नाही. पत्रं जोरात चालली आणि पुण्याच्या ऑर्डरी वाढल्या की हा प्रश्न येणारच. नोंदणी असेल अशी आशा आहे.

वडगावची_कांडपवाली

आहे दादा. जीएसटीही आहे आणि एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेचा) नंबरही पाकिटावर आहे. परवानगीचं मात्र डोक्यात नव्हतं, बरं झालं सांगितलंत.

भाषेचं कुणी बोललंच नाही. माझे निम्मे मराठी, पाव कन्नड, उरलेल्यांना मराठी बोलता येतं पण वाचायला मुलं कंटाळतात.

शहापूर_माग

मराठीतच लिहा. आपला माल, आपली भाषा. पुण्यातला माणूस बेळगावचा मसाला घेतो तो कशासाठी?

गोकाक_फॉल्स

शहापूरकर, माझी घरची भाषा कन्नड. मी हा धागा मराठीत वाचतोय, लिहितोय, आनंदानं. पण माझ्या आईला मसाल्याचं पत्र कन्नडमध्ये आलं तर ती चार बायकांना वाचून दाखवेल. मराठीत आलं तर मला 'काय लिहिलंय बघ' म्हणेल आणि मी विसरून जाईन. धंद्यात आईपर्यंत पोचायचं आहे.

शहापूर_माग

हे पटलं. आईपुढं वाद नाही.

चोर्ला_घाट_घरवास

आम्ही पहिल्याच पत्रात विचारलं, मराठी, कन्नड की इंग्रजी? तीन बटणं. ज्यानं जे निवडलं ते कायम. कन्नड पत्र भाचीच्या मैत्रिणीकडून लिहून घेतो. यंत्राकडून भाषांतर करून पाठवायचा विचार होता, पण तिनं वाचून सांगितलं की हे 'आमच्याकडं कुणी असं बोलत नाही' छापाचं आहे. म्हणून तीच लिहिते, आणि तिला त्याचे पैसे देतो.

मूळ_टिळकवाडी_सध्या_बेंगळूरू

भाषेत एक तांत्रिक खड्डा. डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टात टाइप करून घेतलेलं मराठी पत्रात चिकटवलं तर समोर अगम्य अक्षरं जातात. युनिकोडमध्येच लिहा, मोबाईलवर टाइप केलं तरी ते युनिकोडच असतं. आणि सणाचं रंगीत पोस्टर एकच मोठं चित्र करून पाठवू नका. चित्रं बंद असतील तर पत्र कोरं दिसतं. जीमेल तर १०२ केबीच्या वरचा मजकूर कापून खाली 'पूर्ण संदेश पाहा' ठेवतं, आणि नाव काढायचं बटण नेमकं त्या कापलेल्या भागात जातं. साधा मजकूर, एखादा फोटो, बास.

उद्यमबाग_टर्निंग_शॉप

मी जरा उलटं बोलतो. आमचं उद्यमबागेत पंपाचे आणि हायड्रॉलिकचे सुटे भाग करायचं काम आहे. पत्रं चालवून बघितली, ऑर्डर वाढली नाही. कंपनीच्या खरेदी खात्यातला माणूस दर बघतो, वेळेवर माल बघतो, पत्र वाचून कुणी बुशिंग मागवत नाही. आमच्याकडं फोन आणि प्रत्यक्ष भेट. तेव्हा 'ई-मेलनं गिऱ्हाईक परत येतं' हे सगळ्या धंद्यांना लावू नका. माल पुन्हा लागतो का, आणि निर्णय घेणारा माणूस पत्र वाचतो का, हे दोन आधी बघा.

आणि ताई, तुम्हाला एक नाजूक प्रश्न. परत न आलेल्यांना कधी विचारलंत का, का नाही आलात म्हणून? कदाचित आठवण हा मुद्दाच नसेल.

वडगावची_कांडपवाली

उद्यमबागवाले दादा, तुमचा प्रश्न मनात राहिला म्हणून दोन दिवस लिहिलं नाही. पुण्याच्या आणि बेंगळूरूच्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले. बऱ्याच जणी म्हणाल्या, पाव किलोच्या पाकिटावर कुरिअरचा खर्च जिवावर येतो. दोघी म्हणाल्या, वेबसाइटवर परत पत्ता भरायचा कंटाळा येतो. एक आजी म्हणाल्या, "अगं संपला कधीच, तू विचारलंच नाहीस."

उद्यमबाग_टर्निंग_शॉप

बघा. पहिल्या दोन तक्रारींवर पत्र हे औषध नाही. आधी कुरिअरचं बसवा. एका घराला किलोची पेटी, किंवा एकाच सोसायटीतल्या तिघींनी मिळून मागवली तर खर्च आमचा, असं काही. मग पत्र.

निपाणी_चामडं_आणि_टाके

आणि दुसरीवर माझंच. 'मागच्यासारखंच पाठवा' एवढं उत्तर पुरलं पाहिजे. पत्ता परत मागायचा नाही, फक्त 'याच पत्त्यावर ना?' एवढं विचारून घ्यायचं.

चिकोडी_कर_सल्ला

उत्तर देता येईल असा पत्ता ठेवा मात्र. 'या पत्त्यावर उत्तर देऊ नये' असं लिहिणाऱ्या दुकानाला मी तरी परत काही मागितलं नाही.

वडगावची_कांडपवाली

सगळं वाचून पहिलं पत्र लिहिलंय. किलो घेतलेल्यांना साडेतीन महिन्यांनी जायचं. बघून सांगा.

विषय : वडगावहून सप्रेम नमस्कार, नवीन ऑफर आणि यंदाचा मसाला

"सौ. ताई, तुम्ही नेलेली कांदा-लसूण चटणी आता संपत आली असेल. डब्यात वर तेलाचा थर ठेवला असेल तर उरलेली अजून चांगली राहील, ओला चमचा घालू नका. यंदा मिरची संकेश्वरी आणि ब्याडगी, दोन्ही उन्हात वाळवलेल्या आहेत. खोबरं घरी भाजलेलं. हवी असेल तर या पत्राला फक्त 'मागच्यासारखंच' असं उत्तर द्या, पत्ता आमच्याकडं आहे. किलोच्या वर कुरिअर आमच्याकडून. पत्र नको असेल तर खाली एक टिचकी मारा, राग मानणार नाही."

मूळ_टिळकवाडी_सध्या_बेंगळूरू

मजकूर उत्तम. विषयाची ओळ बदला. मोबाईलवर पहिले चार-पाच शब्दच दिसतात, आणि तुमचे 'वडगावहून सप्रेम नमस्कार, नवीन' एवढेच दिसतील. 'ऑफर' शब्दही काढा, जीमेल २०१३ पासून जाहिरातीची पत्रं वेगळ्या कप्प्यात टाकतं, तिकडं जायला आणखी एक कारण कशाला द्या.

शहापूर_माग

"चटणी संपत आली का?" एवढंच लिहा.

गोकाक_फॉल्स

झकास. मीच उघडेन.

चोर्ला_घाट_घरवास

"सौ. ताई" काढा. चटणी मागवणारे पुरुषही असतात, आणि ज्या बाईचे यजमान नाहीत तिला ते वाचून कसं वाटेल? नुसतं नाव घाला, मागं ताई-दादा. नाव कसं लिहायचं ते ऑर्डरमध्ये विचारा.

वडगावची_कांडपवाली

बरोबर. लगेच काढते. आणि चाललं की नाही हे कसं कळणार? किती जणांनी उघडलं ते दिसतं म्हणतात.

मूळ_टिळकवाडी_सध्या_बेंगळूरू

त्या आकड्यावर विसंबू नका. अ‍ॅपलनं २०२१ मध्ये आयफोनच्या मेलमध्ये अशी सोय दिली की माणसानं पत्र न बघताही ते उघडलं असं पाठवणाऱ्याला दिसतं. तुमच्या दुबई-अमेरिकेच्या यादीत आयफोनच जास्त असणार. त्यापेक्षा साधी पद्धत. ज्यांचे साडेतीन महिने भरलेत त्यांच्यातल्या निम्म्यांनाच पत्र पाठवा, चिठ्ठ्या टाकून निवडा, आवडते गिऱ्हाईक निवडू नका. महिन्याभरानं दोन्ही निम्म्यांत परत कितींनी मागवलं ते मोजा. फरक दिसला तर पत्राचा उपयोग आहे, नाही दिसला तर उद्यमबागवाल्यांचं खरं.

उद्यमबाग_टर्निंग_शॉप

मोजणीत ज्यांनी फोनवर मागवलं तेही धरा. पत्र वाचून फोन करणारे पुष्कळ असतात, आणि वेबसाइटवर त्यांची नोंदच होत नाही. फोन घेताना विचारा, पत्र मिळालं का.

वडगावची_कांडपवाली

धरते. परवानगीचं पत्र या रविवारी जाईल, मराठी आणि कन्नड दोन्ही. कन्नड मजकूर गोकाकवाले अण्णा आईंकडून तपासून देणार आहेत. एसपीएफ-डीकेआयएमचं वेबसाइटवाल्या मुलाला सांगितलंय. ज्यांना पहिल्या खेपेची चटणी हवी त्यांनी आत्ताच सांगा, मिरची या आठवड्यात डंकावर जातेय.

खडेबाजार_कापडवाले

ताई, अर्धा किलो माझा. आणि मला पत्र पाठवू नका, मी दारातच येतो.

शहापूर_माग

माझाही अर्धा किलो, जरा तिखट. कापडवाले, येताना माझंही पाकीट घेऊन या.